लाल अंबाडीची वाळलेली फुलं: बचत गटाचं पाकीट, बाजारातली खुली फुलं आणि पूड

संक्रांत उलटली की विदर्भातल्या आठवडी बाजारात लाल अंबाडीची वाळलेली फुलं दिसायला लागतात. कुठे पोत्याच्या तोंडाशी ढीग करून खुली, कुठे बचत गटाच्या स्टॉलवर पाकिटात, तर कुठे दळून केलेली पूड. हे परीक्षण एकाच हंगामात घेतलेल्या मालाचं आहे: महिला बचत गटाचं 100 ग्रॅमचं पाकीट (60 रुपये), बाजारातली खुली फुलं पावभर (40 रुपये), पुडीची 50 ग्रॅमची डबी (50 रुपये) आणि रस्त्याकडेच्या दुकानातली सरबताची एक बाटली.

निकाल आधीच सांगून टाकतो. पाकीट घ्यावं. निवडत बसायला वेळ असेल तर खुली फुलंही घ्यावीत. पूड घेऊ नये. बाटली घ्यायची असेल तर मागचं लेबल वाचल्याशिवाय घेऊ नये. आता एकेकाची कारणं.

फूल म्हणून विकतात ते काय असतं

अंबाडी ही कापूस, भेंडी आणि जास्वंद यांच्या कुळातली. मूळची आफ्रिकेतली, पण आपल्याकडे ती इतकी मुरली आहे की पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, किंवा तुरीच्या तासाच्या टोकाला ती नाही असं वावर शोधावं लागेल. मागच्या वर्षी सांडलेल्या बियांतून ती पडीक जागेतही आपोआप उगवते. पावसाळ्याभर पाला खायचा, दिवस लहान व्हायला लागले की तिला कळ्या येतात. खरं फूल फिक्कट पिवळं, मधोमध गर्द तपकिरी-लाल ठिपका. सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मिटून जातं. ते कोणी गोळा करत नाही. ते गळल्यावर त्याच्या बुडाशी जो लाल, मांसल कोष वाढत जातो, त्यालाच आपण अंबाडीचं फूल म्हणतो. त्याला पाच जाड पाकळ्या असतात आणि आत हिरवं बोंड. बोंडात बिया.

यावरून दोन गोष्टी ठरतात. पहिली म्हणजे तोडणीची वेळ. फूल गळल्यावर साधारण तीन-चार आठवड्यांत कोष भरतो, तेव्हा तो कुरकुरीत आणि रसरशीत असतो, आतलं बोंड अजून हिरवं असतं. तेव्हाच तोडायला हवा. बोंड पिकून तपकिरी पडलं की पाकळ्या चिवट आणि पातळ होतात, रंग विटतो, आंबटपणा उतरतो. झाडावरच वाळलेलं फूल दिसायला लाल असतं, पण पाण्यात टाकलं की फिक्कं गुलाबी पाणी देऊन गप्प बसतं. दुसरी गोष्ट म्हणजे बोंड. ते काढूनच फूल वाळवायला हवं. पाकळी चार-पाच दिवसांत वाळते, पण आतलं बोंड ओलंच राहतं. बाहेरून कोरडं दिसणारं फूल डब्यात गेल्यावर आतून बुरसतं ते याच कारणाने.

जाता जाता एक खुलासा. दोराच्या वाकासाठी, म्हणजे धाग्यासाठी, लावतात ती दुसरी अंबाडीही धुऱ्यावर असते. तिच्या देठा-खोडाला बारीक काटे असतात, पाला खाल्ला जातो, पण तिचा कोष मांसल होत नाही. वाळलेल्या फुलांत तिची फुलं मिसळलेली असतील तर ती हिरवट-तपकिरी, पातळ आणि टोचरी दिसतात. ती बाजूला काढावीत.

पाकीट

पाकीट पांढऱ्या कागदावर ओतून निवडलं. 100 ग्रॅमपैकी 91 ग्रॅम स्वच्छ अखंड फुलं, 6 ग्रॅम चुरा, 3 ग्रॅम देठाचे तुकडे. माती नाही, दगड नाही. घरगुती वाळवणासाठी हा चांगला माल आहे.

एक फूल हातात घेऊन बघितलं तर गटातल्या बायांनी काम कसं केलं हे दिसतं. पाच पाकळ्या टोकाशी आत वळलेल्या, रंग गर्द जांभळट लाल, पाठीवरच्या शिरा उठून दिसणाऱ्या. बुडाशी बारीक पट्ट्यांचं कडं शाबूत. आणि बुडाला गोल, स्वच्छ कापलेलं भोक. म्हणजे बोंड धारदार नळीने काढलेलं आहे. बोटाएवढ्या जाडीच्या स्टीलच्या नळीचं एक टोक घासून धार लावतात, देठाच्या बाजूने रोवून फिरवतात, की बोंड सुटून बाहेर येतं आणि फूल अखंड राहतं. विळीवर चिरून बोंड काढलं तर पाकळ्या सुट्या होतात, चुरा वाढतो आणि रसही विळीलाच लागतो. अखंड फूल टिकतंही जास्त, कारण हवेला उघडा पडणारा भाग कमी.

वाळवण सावलीतलं आहे हे रंगावरून कळतं. कडक उन्हात उघड्यावर टाकलेल्या फुलांची वरची बाजू विटकरी-तपकिरी पडते आणि खालची लाल राहते. या पाकिटात दोन्ही बाजू सारख्या होत्या. घरी वाळवायची असतील तर खाटेवर किंवा जाळीवर एक थर पसरून, वरून पातळ पांढरं सुती कापड टाकून चार ते सहा दिवस. संध्याकाळी उचलून घरात घ्यायचीच. डिसेंबरात, विशेषतः भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात, पहाटेचं दहिवर इतकं पडतं की दिवसभराचं वाळवण रात्रीतून परत ओलं होतं, आणि अशा दोन-तीन रात्री गेल्या की बुरशी धरते. सौर वाळवणी यंत्र असेल तर 50 ते 60 अंशांच्या आत ठेवावं. त्यावर गेलं की फूल करपल्यासारखं काळपट होतं.

ओल तपासायची रीत सोपी आहे. दहा-बारा फुलं मुठीत दाबायची. चुरचुर आवाज येऊन टोकं तुटली तर माल कोरडा. दाबल्यावर गोळा होऊन तसाच राहिला तर ओल आहे, आणि असा माल उन्हाळा कसाबसा काढेल पण आषाढ बघणार नाही. आम्ही घेतलेलं पाकीट या परीक्षेत पास झालं.

60 रुपये महाग वाटत असतील तर हिशेब बघा. बोंड काढलेल्या ताज्या फुलांत पाणीच इतकं असतं की आठ ते दहा किलो ताजी फुलं वाळवावी तेव्हा किलोभर हातात पडतात. म्हणजे 100 ग्रॅमच्या पाकिटामागे जवळजवळ किलोभर ताजी पाकळी आहे, आणि त्यातल्या प्रत्येक फुलातून बोंड हाताने काढलेलं आहे. धुऱ्याधुऱ्याने फिरून तोडणी करणारीची मजुरी वेगळीच. या भावात गटाच्या हाती फार काही उरत नसणार.

आता उणिवा. त्या दुरुस्त करण्याजोग्या आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो.

पिशवी पातळ प्लास्टिकची आणि तोंड मेणबत्तीवर चिकटवलेलं. एका कोपऱ्यात बारीक फट होती. अंबाडीच्या फुलात आम्ल भरपूर, त्यामुळे ते हवेतली ओल ओढून घेतं. जूननंतर अशा पिशवीतली फुलं चामड्यासारखी मऊ पडणार हे नक्की. जाड पिशवी आणि साधं सीलिंग मशीन एवढा खर्च गटाने करावाच.

पाकिटावर पॅकिंगची तारीख आहे, तोडणीची नाही. पॅकिंग मार्चचं आणि माल मागच्या वर्षीचा असं होऊ शकतं. वर्षभरात रंग अर्ध्यावर येतो, त्यामुळे गिऱ्हाइकाच्या दृष्टीने तोडणीचा महिना ही सगळ्यात कामाची माहिती आहे.

तिसरी उणीव म्हणजे लेबलवरची ‘रक्तदाब, मधुमेह, मूळव्याध यांवर रामबाण’ ही ओळ. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर आजार बरा होण्याचा दावा करता येत नाही, आणि उद्या तपासणी झाली तर त्या एका ओळीपायी गटाचा सगळा माल अडकेल. अन्नसुरक्षेचा 14 अंकी एफएसएसएआय क्रमांक छापलेला आहे, ही बाजू चांगली. त्याच जागेत गावाचं नाव आणि ‘बोंड काढलेली, सावलीत वाळवलेली’ एवढं छापलं तर माल आपोआप ओळखला जाईल.

खुली फुलं

पावभर घेतलेली खुली फुलं निवडायला पाऊण तास गेला. जवळजवळ प्रत्येक फुलात बोंड होतं. बोंडं, बिया, देठ आणि काळी पडलेली फुलं बाजूला केल्यावर 250 ग्रॅममधून 98 ग्रॅम पाकळी निघाली. म्हणजे 40 रुपयांत पाकिटाएवढाच माल. वीस रुपये वाचले, पाऊण तास गेला. ज्यांच्या घरी दुपारी निवडण-टिपण चालूच असतं त्यांना हे परवडतं. शिवाय बिया मिळतात, त्याचं पुढे लिहिलं आहे.

खुला माल घेताना नाकाचा वापर करा. चांगल्या फुलांना आंबट, चिंच-मनुकांसारखा वास येतो. कुबट किंवा मातकट वास आला की पुढचा ढीग बघा. मग पाच-सहा फुलं तोडून आत बघा. बोंड आणि पाकळी यांच्यामधल्या खाचेत पांढरा कापसासारखा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण. कपाशीवरची कीड अंबाडीवर सहज जाते, कारण दोघी एकाच कुळातल्या. लाल ढेकूणही बोंडावर बसून बियांचा रस शोषतो. अखंड फुलाच्या खाचेत वाळून बसलेला पुंजका धुतल्याने निघत नाही. अशी फुलं टाकूनच द्यावीत.

विकणाऱ्याला विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: अंबाडी कोणत्या धुऱ्यावरची? तूर-सोयाबीनच्या की पऱ्हाटीच्या? पऱ्हाटीवर बोंडअळी आणि रस शोषणाऱ्या किडींसाठी फवारणीवर फवारणी होते, आणि वाऱ्याबरोबर ते औषध धुऱ्यावरच्या अंबाडीवर बसतं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे कोणी विसरलेलं नाही. अंबाडी फवारणीच्या टप्प्यात उभी असते आणि आपण तिचा पाला, फूल सगळं खातो. म्हणून परसातली, धानाच्या बांधीच्या कडेची किंवा पडीक जागेतली अंबाडी पहिली पसंती. पऱ्हाटीच्या धुऱ्यावरची असेल तर ती स्वस्तातही नको. विकणारी बाई बहुतेक वेळा खरं सांगते, कारण तिच्या घरीही तीच खाल्ली जाते.

पूड का नको

दळल्यावर काय दळलं हे कळत नाही. बोंडासकट दळलेली पूड तपकिरी-गुलाबी, कोरडी आणि तोंडात भुसकट लागणारी असते. बोंडावर बारीक राठ लव असते, ती घशाला खवखवते. अखंड फुलातून ती कापडाने गाळून निघते, पुडीत ती मिसळून गेलेली असते. आमच्या डबीतली पूड अगदी भडक लाल होती, म्हणून खायच्या सोड्याची परीक्षा केली. ती कोणालाही घरी करता येते.

अर्धा चमचा पूड अर्धा ग्लास कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा, गाळा, आणि त्यात चिमूटभर खायचा सोडा घाला. अंबाडीचा रंग आम्लात लाल असतो. सोडा पडला की तो जांभळा होतो, मग निळसर-हिरवट, आणि थोड्या वेळाने मळकट. वरून लिंबू पिळलं की परत लालीकडे येतो. कृत्रिम लाल रंग असेल तर सोडा घातल्यावरही पाणी लालच राहतं. आमच्या डबीचं पाणी जांभळं झालं पण खाली लाल झाक उरलीच. दोन्हींची मिसळ होती असं आमचं मत झालं आणि डबी बाजूला ठेवली.

बाटलीबंद सरबतासाठी एवढी खटपट नको, लेबल पुरतं. घटकांत 122 किंवा 124 हे आकडे असतील तर तो कार्मोइसिन किंवा पॉन्सो 4आर हा कृत्रिम रंग आहे. हे रंग ठरलेल्या मर्यादेत कायदेशीर आहेत, पण मग लालीचे पैसे अंबाडीला मोजू नयेत. आमच्या बाटलीत साखर पहिली, पाणी दुसरं, 122 होता, आणि अंबाडीचा अर्क यादीत शेवटून दुसरा. चव साखरपाण्याची.

सरबत: प्रमाण आणि नेमकं काय बिघडतं

पाकिटातल्या फुलांचं सरबत दोन रीतींनी केलं. रोजच्या पिण्यासाठी थंड रीत उत्तम: 25 ग्रॅम फुलं चाळणीत घेऊन एकदा झरकन धुवायची, लिटरभर पाण्यात रात्रभर, म्हणजे आठ-दहा तास, झाकून ठेवायची. सकाळी दुहेरी सुती कापडाने गाळायचं. चाळणी पुरत नाही, लव आणि रेती खाली उतरते. चार ग्लास सरबताला 80 ते 100 ग्रॅम साखर, चिमूटभर काळं मीठ, थोडी जिरेपूड. हे त्याच दिवशी संपवावं. फ्रिजमध्ये दोन दिवस राहतं.

उन्हाळाभर पुरणारा पाक करायचा असेल तर 100 ग्रॅमचं अख्खं पाकीट आणि दोन लिटर पाणी. पाणी उकळलं की गॅस बंद करायचा, मग फुलं टाकायची, झाकण ठेवून 20 मिनिटं. फुलं गॅसवर उकळत ठेवली की लाली तपकिरीकडे जाते आणि कडवट-तुरट अर्क उतरतो. बहुतेक घरांतलं सरबत याच एका चुकीने बिघडतं. गाळून फुलं हलकेच दाबली की साधारण दीड लिटर पाणी मिळतं. त्यात दीड किलो साखर, मंद आचेवर फक्त विरघळेपर्यंत, एक उकळी आली की बंद. गार झाल्यावर कोरड्या काचेच्या बाटल्यांत. एक भाग पाकाला चार भाग पाणी. फ्रिजमध्ये दोन-तीन महिने टिकतो. बाहेर ठेवला तर दहा-बारा दिवसांत आंबतो, बुडबुडे दिसले की टाकून द्यावा.

भांड्याकडे लक्ष द्या. स्टीलचा गंज (पातेलं), काच किंवा चिनीमाती. लोखंडी कढईत रंग काळा-निळा पडतो आणि लोखंडाची चव उतरते. ॲल्युमिनियमच्या पातेल्याला आम्ल खातं. कल्हई नसलेल्या पितळी-तांब्याच्या भांड्यात तर अजिबात नाही, ते पोटाला घातक.

आणि पाणी. खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातल्या अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या गावांत, बोअरच्या पाण्यात फुलं भिजवली तर सरबत लाल येण्याऐवजी जांभळट-मळकं येतं. गिऱ्हाईक मग फुलांना नावं ठेवतं. दोष क्षाराचा असतो, तीच सोड्याची परीक्षा इथे नकळत होते. अशा ठिकाणी आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरावं, नाहीतर फुलं भिजवतानाच लिटरमागे अर्धं लिंबू पिळावं. गूळ घातला तरी रंग मावळतो, कारण गुळाचा स्वतःचा तपकिरी रंग आणि तो करताना रसात घातलेला चुना. चव मात्र गुळाची जास्त भरीव लागते. घरच्यासाठी गूळ, पाहुण्यांपुढे ठेवायला साखर असं आम्ही सुचवू.

गाळून उरलेली फुलं टाकू नयेत. निम्मी आंबट चव त्यांत बाकी असते, त्यांची चटणी होते.

चटणी

नव्या फुलांची करायची तर 30 ग्रॅम फुलं अर्धी वाटी गरम पाण्यात 20 मिनिटं भिजवून पिळून घ्यावीत. स्टीलच्या कढईत दोन चमचे फल्लीच्या (शेंगदाण्याच्या) तेलात आठ हिरव्या मिरच्या आणि दहा-बारा लसणाच्या पाकळ्या परताव्यात, मिरचीवर पांढरे फोड आले की फुलं टाकून चार-पाच मिनिटं, ओल उडेपर्यंत. मूठभर भाजलेले फल्लीदाणे किंवा दोन चमचे भाजलेला जवस, मीठ आणि सुपारीएवढा गूळ घालून पाट्यावर वाटावी. मिक्सरमध्ये करायची तर थांबून थांबून फिरवावी, पेस्ट झाली की चव सपाट होते. पाण्याचा थेंबही न घालता केलेली चटणी फ्रिजमध्ये आठवडाभर राहते. ज्वारीच्या भाकरीबरोबर हिला तोड नाही. सरबताच्या उरलेल्या फुलांची करायची असेल तर गूळ वगळावा आणि एक मिरची कमी करावी, कारण आंबटपणा उतरलेला असतो आणि तिखट वर येतं.

या फुलांत घट्टपणा आणणारं पेक्टिन मुळातच असतं, त्यामुळे जॅमही बाहेरची जेली पावडर न घालता जमतो. पण त्याला ताजी फुलं हवीत, वाळलेल्यांचा जॅम चिवट होतो.

पाल्याच्या जुडीबद्दल थोडक्यात

पावसाळ्यात हीच अंबाडी जुडीने विकली जाते. कोवळी, बोटभर देठाची, पानांवर पांढरे ठिपके नसलेली जुडी घ्या. कळ्या धरल्यावर पाला राठ होतो. भाजी करताना एकच चूक वारंवार होते: पाला आणि तुरीची डाळ एकत्र शिजवायला टाकणं. आंबटात डाळ शिजत नाही, कितीही शिट्ट्या घ्या, दाणा उभाच राहतो. पाव वाटी तूरडाळ आणि पाव वाटी भिजवलेल्या ज्वारीच्या कण्या आधी मऊ शिजवून घ्या. पाला, साधारण पाव किलो, वेगळा पाच-सात मिनिटं उकळून पाणी काढून टाका. त्या पाण्याबरोबर जास्तीचा आंबटपणा आणि मुतखड्याला कारण ठरणारं, पाण्यात विरघळणारं ऑक्झॅलेटही जातं. मग सगळं एकत्र घोटा आणि वरून लसूण-लाल मिरचीची सढळ फोडणी द्या. फोडणी हातची राखली तर ही भाजी मिळमिळीत लागते.

कोणी जपून घ्यावं

अंबाडीच्या सरबताने रक्तदाब थोडा उतरतो असं अभ्यासांत दिसलं आहे. म्हणूनच बीपीच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी रोज ग्लासावर ग्लास पिऊ नये आणि डॉक्टरांना सांगून घ्यावं. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी पाल्याची भाजी क्वचितच खावी. गरोदर बाईने औषध म्हणून काढा घेऊ नये. गडचिरोलीकडच्या वाचकांसाठी खास: मलेरियावर क्लोरोक्विन चालू असेल तर ते दिवस अंबाडीचं सरबत बंद ठेवावं, कारण त्याने गोळी अंगात कमी उतरते. ताप आहे म्हणून गार सरबत पाजणं स्वाभाविक असतं, म्हणून हे घरातल्या म्हाताऱ्यांनाही सांगून ठेवावं. आणि आंबट फार असल्यामुळे प्याल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी, दात शिवशिवत नाहीत.

साठवण आणि पुढची पेरणी

पाकीट घरी आणल्यावर लगेच काचेच्या बरणीत घट्ट झाकणाखाली भरावं, उजेडापासून दूर. मेच्या शेवटी, पहिल्या वळवाच्या आधी, फुलं कापडाखाली एक दुपार उन्हात गरम करून, गार झाल्यावरच परत भरावीत. गरम भरली तर झाकणाला वाफ धरते. एवढं केलं तर पावसाळा निघतो. भाद्रपदानंतर नवी घेऊ नयेत, तेव्हा बाजारात असतो तो मागच्या हंगामाचा उरलेला माल.

खुल्या फुलांतून निघालेल्या बियांपैकी भरीव, काळपट-करड्या बिया वेगळ्या ठेवाव्यात. पाण्यात टाकून वर तरंगतील त्या पोचट, लाल ढेकणाने शोषलेल्या. बुडाशी बसतील त्या लगेच सावलीत वाळवून कागदी पुडीत बांधाव्यात. मृगाचा पाऊस मुरला की परसात किंवा पऱ्हाटीपासून लांबच्या धुऱ्यावर दोन-दोन हातांवर अर्धा इंच खोल तीन-तीन बिया टोचायच्या आणि वीतभर झाल्यावर एकच जोमदार रोप ठेवायचं. गुडघ्याएवढं झालं की शेंडा खुडून भाजीला घ्यावा, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतात आणि दिवाळीनंतर फुलं दुपटीने येतात.